माईचा उंदीर आणि कोरी पानं

आमच्या घरी माई होती. म्हणजे बाबांची आत्या, आम्हा मुलांची आत्याआजी. अकराव्या वर्षी लग्न झालं, पंधराव्या वर्षी कुंकू पुसून परत माहेरी आली आणि मग इंदूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या त्याच घरात राहिली ती १९९४ साली जाईपर्यंत. मधली सगळी वर्षं लोणची, पापड, आमची आजारपणं आणि गोष्टी. ती गोष्ट सांगायला ओटल्यावर बसली की गल्लीतली अर्धी पोरं येऊन बसायची, मराठी न कळणारीसुद्धा, कारण माई मराठी, हिंदी आणि माळवी एकाच वाक्यात घालायची आणि कुणाचंच काही अडायचं नाही.

तिची एक गोष्ट मात्र आम्हाला कधी खरी वाटली नाही.

"सहा वर्षांची होते मी. अण्णांच्या खांद्यावर बसून पाहिलंय. हा एवढा उंदीर आला होता, गाडीवर बसून. अंगावर टोळाएवढ्या पिसवा, अशा थरथर थरथर करायच्या. मग डास आले, ते पण केवढाले, चकचक करणारे. दिवाळी होती बरं का."

आम्ही हसायचो. उंदीर कशाला गाडीवर बसेल? बाबा म्हणायचे, लहानपणी ताप चढला असेल तिला, तापात दिसलं असेल काहीतरी. माई मग गप्प व्हायची, आत जाऊन तांदूळ निवडायला घ्यायची आणि तिथनं म्हणायची, "नका मानू. पाहिलं ते पाहिलं."

मार्च २०२० मध्ये इंदूरमध्ये कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि आठवड्याभरात आमच्या शहराचं नाव रोज टीव्हीवर येऊ लागलं, सगळ्यात वाईट शहरांच्या यादीत. त्या आधीची तीन-चार वर्षं आम्ही देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून मिरवत होतो, ओला कचरा वेगळा सुका वेगळा, सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की म्हातारी माणसंसुद्धा लगबगीनं बाहेर यायची. आणि आता कर्फ्यू. सकाळचे पोहे-जलेबी बंद, सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार बंद, काही दिवस तर भाजीसुद्धा मिळाली नाही. लोकमान्य नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी रात्र रात्र जागी असायची आणि मोबाइलवर जुन्या साथींबद्दल वाचत बसायची. का वाचत होते ते तेव्हा सांगता आलं नसतं. बहुतेक एवढंच पाहायचं होतं की हे आधी कुणावर तरी आलं होतं आणि ती माणसं त्यातनं बाहेर पडली होती.

अशाच एका रात्री दोन वाजता माईचा उंदीर सापडला.

पॅट्रिक गेडिस नावाचा एक स्कॉटिश माणूस होता. मुळात जीवशास्त्राचा, पण पुढं शहरं कशी असावीत याचा ध्यास घेतलेला. होळकर दरबारनं, म्हणजे तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात, त्याला इंदूरची पाहणी करायला बोलावलं होतं. त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये छापला गेला आणि आजही जगभरची आर्किटेक्ट मंडळी तो वाचतात. गेडिस नकाशे घेऊन जुन्या शहरातल्या गल्ल्यांमधून हिंडायचा. त्यानं पुढं सांगितलेल्या हकिकतीत असं आहे की त्याला पाहिलं की लोक बोट दाखवायचे आणि लगबगीनं घरात जायचे, आणि त्यानं विचारल्यावर सोबतच्या माणसानं सांगितलं की लोकांना वाटतंय, तुम्हीच प्लेग घेऊन येणारे साहेब आहात.

मी हे वाक्य वाचलं आणि उठून पाणी प्यायले. कारण त्याच आठवड्यात, १ एप्रिलला, टाटपट्टी बाखलमध्ये तपासणीला गेलेल्या आरोग्याच्या टीमवर दगड पडले होते. बाखल म्हणजे आमच्याकडची गल्लीच. पळत येणाऱ्या डॉक्टर बायकांचा व्हिडिओ सगळ्या देशानं पाहिला. सगळे रागावले, मीही रागावले, आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर काय काय लिहिलं गेलं ते इथं लिहवत नाही. त्या दोघी डॉक्टर दुसऱ्या दिवशी परत त्याच वस्तीत कामाला गेल्या, हे मात्र ग्रुपवर फार कुणी टाकलं नाही. आणि तेव्हा मोबाइलवर असेही व्हिडिओ फिरत होते की चांगल्या माणसांना धरून नेतात आणि इंजेक्शन देऊन आजारी पाडतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी प्लेगात मुंबईत हीच अफवा होती, फक्त तिचं नाव मोमिआई होतं. दवाखान्यात नेऊन माणसाचं तेल काढतात म्हणे. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आर्थर रोडच्या साथीच्या दवाखान्यावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला होता. पुण्यात रँडच्या गोऱ्या शिपायांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, देवघरापर्यंत गेले, आणि जून १८९७ मध्ये त्याचा शेवट काय झाला ते आपण शाळेत शिकलोच आहोत. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. त्याच पुण्यात, त्याच महिन्यांत. लोकांच्या दारात जाण्याच्या या दोन तऱ्हा.

गेडिसनं काय केलं, तर तो म्हणाला मला एक दिवसाचा महाराजा करा. यंदाची दिवाळीची मिरवणूक मी काढतो.

साल १९१७. त्यानं जाहीर केलं की मिरवणुकीचा रस्ता नेहमीचा नसेल, हिंदूंच्या ठरलेल्या मार्गानं नाही आणि मुसलमानांच्याही नाही, ज्या गल्ल्यांमध्ये सगळ्यात जास्त घरं झाडून, दुरुस्त करून, रंगवून तयार होतील त्या गल्लीतून जाईल. कचरा उचलायला गाड्या फुकट. मग काय, गल्ली-गल्लीत चढाओढ. घराघरातून, परसांतून वर्षानुवर्षं साठलेला कचरा निघाला, हजारो गाड्या भरून. पिंजरे लावून उंदीर धरले, तेही हजारोंनी. आणि दिवाळीला मिरवणूक निघाली त्यात हत्ती, घोडे, लक्ष्मी, आणि मग काळी बाजू, पडकी घरं गाड्यांवर, घाणीचा रावणासारखा एक राक्षस, आणि प्लेगचा अवाढव्य उंदीर, त्याच्या अंगावर थरथरणाऱ्या पिसवा, तारांचे आणि मण्यांचे केलेले डास.

तारा आणि मणी. म्हणून चकचक करत होते.

मी रात्री दोन वाजता एकटी बसून रडले. माई जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. तिचं खरं होतं आणि आम्ही एवढे सगळे मिळून तिला आयुष्यभर हसत होतो.

त्या मिरवणुकीत पुढची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. उंदराच्या आणि राक्षसाच्या मागून शहराचे झाडूवाले चालले होते. नवे पांढरे कपडे, झाडूंना फुलांच्या माळा. ज्यांची सावली नको म्हणून लोक बाजूला व्हायचे ते त्या दिवशी मिरवणुकीच्या मध्यभागी होते आणि लोक त्यांच्यासाठी जयजयकार करत होते. शेवटी राक्षस जाळला, दारूकाम झालं, तुळशीची रोपं वाटली. आणि त्यानंतर गेडिस दिसला की लोक घरात पळेनात.

प्लेग काही एका मिरवणुकीनं गेला नाही, हेही सांगायला पाहिजे. प्लेगचा जोर ऋतूप्रमाणे चढतो उतरतो, थंडीत वाढतो, उन्हाळ्यात ओसरतो, त्यामुळे सगळं श्रेय त्या दिवाळीला देणं बरोबर नाही. पण उकिरडे गेले म्हणजे उंदीर गेले, उंदीर गेले म्हणजे पिसवा गेल्या, ही साखळी खरीच आहे. पिसवेतनं प्लेग होतो हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत दाखवलं होतं, पण विद्वानांना पटायला काही वर्षं गेली. आपल्या लोकांना निदान अर्धं आधीच कळत होतं. उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं, रानात झोपड्या घालून राहायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. गेडिसनं लोकांना जे माहीत होतं त्यालाच हात घातला, आणि दिवाळीत घर झाडायचं असतंच, त्याला एक गाडी आणि एक मिरवणूक जोडून दिली.

हे सगळं मी तेव्हा घरच्या ग्रुपवर लिहिलं. काकांचा लगेच फोन आला. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, बँकेतून रिटायर झालेले, आवाज असा की शेजारच्याला पण ऐकू जाईल. म्हणाले, "अगं, माईसमोर सगळ्यात जास्त मीच हसायचो." मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "अण्णांची वही आहे ना माळ्यावर, ती बघितलीस का?"

अण्णा म्हणजे माईचे वडील, माझे पणजोबा, दरबारात कारकून. त्यांची जमाखर्चाची वही मोडीतली. मला मोडी येत नाही, लॉकडाऊन उठल्यावर ओळखीतल्या एका आजोबांकडे घेऊन गेले, त्यांनी मास्क लावून, भिंग घेऊन दोन दुपारी वाचून दाखवली. शके १८४०, म्हणजे १९१८. मिरवणुकीच्या पुढचं वर्ष. रोजचा खर्च आहे, तेल, तूर, पोराचं वहाण, धोब्याचे दोन आणे. आश्विनात सुंठ येते. दोन दिवसांनी परत सुंठ, मध, लवंग. मग परत. आणि आश्विन शुद्ध पंचमीपासून अकरा दिवस पानं कोरी. रेघा आखलेल्या, तारखा घातलेल्या, समोर काही नाही. दसरा त्याच पानांत आहे.

माईची आई आणि मोठा भाऊ त्या अकरा दिवसांत गेले. मानमोडीत. स्पॅनिश फ्लूला आपल्याकडे मानमोडी म्हणायचे, माणूस मान टाकूनच पडायचा म्हणून असेल. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीतून आली, गोदीवरचे पोलीस शिपाई आधी पडले. पहिली लाट हलकी होती. लोकांना वाटलं गेली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी आली ती काळ होऊन आली. एकट्या मुंबईत ६ ऑक्टोबरला ७६८ माणसं मेली, एका दिवसात. त्याच वर्षी पाऊस नाही, धान्य महाग, युद्ध अजून चालू. सरपण पुरेना, नद्यांमध्ये प्रेतं सोडली. देशात किती गेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटीपर्यंत आहेत. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं आहे की जनगणनेत आपली माणसं वाढायच्या ऐवजी कमी झाली. आणि ती म्हातारी नव्हती, वीस ते चाळीसची होती जास्त, आणि बायका पुरुषांपेक्षा जास्त. ज्या आजाऱ्यांची सेवा करत होत्या, त्याच.

आता मला माईबद्दल एक गोष्ट लक्षात आली जी तिच्या हयातीत कधीच आली नव्हती. उंदराची गोष्ट ती शंभर वेळा सांगायची. पुढच्याच वर्षी तिची आई गेली, ते तिनं आम्हाला एकदासुद्धा सांगितलं नाही. "आई लहानपणीच गेली" एवढंच वाक्य. कशानं, कधी, काही नाही. सात वर्षांची होती, तिला आठवत नसेल असं कसं होईल, सहाव्या वर्षीच्या उंदराच्या अंगावरची पिसू आठवते आणि सातव्या वर्षीची आई आठवत नाही?

मला वाटतं, प्लेगात लोकांना एकत्र काहीतरी करता आलं. घर झाडता आलं, उंदीर मारता आले, गाव सोडून एकत्र झोपड्यांत राहता आलं, राक्षस जाळता आला. रोग दिसत होता, चार पायांचा होता. मानमोडीत हवाच विषारी. जवळ जाणं हाच धोका. जी मिरवणूक १९१७ ला औषध होती ती १९१८ ला काढली असती तर निम्मं शहर गेलं असतं. ना मिरवणूक, ना कुणी समाचाराला, ना दहाव्याला चार माणसं. एकेक घर आपापलं दार लावून बसलं आणि दार उघडलं तेव्हा कुणी कुणाला काही विचारलं नाही, कारण सगळ्यांच्याच घरात झालं होतं. अशा गोष्टीची गोष्ट होत नाही. ती ओटल्यावर येत नाही.

म्हणून लोक जेव्हा कोविडची तुलना करतात तेव्हा मला थोडं थांबावंसं वाटतं. भीती आपली प्लेगासारखी होती, कायदाही प्लेगाचाच, १८९७ चा साथरोग कायदा २०२० मध्ये बाहेर काढला, घरावर पट्ट्या, रस्त्यावर पोलीस. औषधाच्या बाबतीत आपण कितीतरी पुढं, याबद्दल मला खरोखर कृतज्ञता वाटते. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं भायखळ्याला तीनेक महिन्यांत प्लेगाची लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतःलाच टोचून घेतली, पण मानमोडीच्या वेळी हा विषाणू आहे हेसुद्धा माहीत नव्हतं, माणसातला फ्लूचा विषाणू हाती लागायला १९३३ उजाडलं. आपल्याला कोरोनाची सगळी जनुकं जानेवारी २०२० मध्येच वाचता आली आणि वर्षभरात, १६ जानेवारी २०२१ ला, दंडात लस. पण दुःख आपलं मानमोडीचं होतं. दार लावलेलं.

२२ मार्च २०२० ला आम्ही इंदूरकरांनी जे केलं ते तर अजून डोळ्यांसमोर आहे. जनता कर्फ्यू होता, संध्याकाळी पाचला गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवायच्या होत्या, आणि राजवाड्यावर लोक झुंडीनं जमले, थाळ्या, शंख, झेंडे, मिरवणूकच. सगळीकडून शिव्या पडल्या आणि चूक तर होतीच, भयंकर चूक होती. पण मी तो व्हिडिओ आता पाहते तेव्हा मला त्या माणसांचा राग येत नाही. संकट आलं की राजवाड्यावर जमायचं, हे या शहराच्या अंगातच आहे. त्यांना फक्त कुणी नीट सांगितलं नव्हतं की हा रोग उंदराचा नाही, श्वासाचा आहे.

एप्रिल २०२१. काकांना ताप आला तेव्हा दुसरी लाट पूर्ण चढलेली होती. इंजेक्शनसाठी औषधांच्या दुकानांसमोर रांगा, ऑक्सिजनसाठी फोनवर फोन. खंडवा रोडला सत्संगाच्या मोठ्या मंडपात कोविड सेंटर उघडलं होतं, पण काकांना घरीच राहायचं होतं. काकू तीन-चार तासांनी बोटाला ऑक्सिमीटर लावायची आणि मला फोनवर आकडा सांगायची. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव. परत त्र्याण्णव. मी इकडे, ती तिकडे, मधे चार किलोमीटर, आणि मला तिच्याकडे जाता येत नव्हतं कारण माझ्या घरात पण एक पॉझिटिव्ह होतं. एकोणनव्वद झाल्यावर अॅम्ब्युलन्स मिळाली. तीन दवाखाने फिरून चौथ्यात बेड मिळाला. आत जाताना काका चालत गेले, मागे वळून काकूला म्हणाले, "गॅस बंद केलास ना?"

पाच दिवसांनी फोन आला. पंचकुइयाच्या स्मशानात गाड्यांची रांग होती. माझा भाऊ आणि त्याचा एक मित्र, दोघंच, लांबून. तेरावा मोबाइलवर केला, गुरुजी उज्जैनहून, आम्ही आपापल्या घरून, मधेच नेट जायचं आणि मंत्र तुटायचे. काकांच्या त्या आवाजाचा माणूस आणि आवाजच नाही कशाचा.

त्यानंतर काकू त्या दिवसांबद्दल काही बोललीच नाही. विचारलं तर म्हणते, "झालं ते झालं." आणि आमच्यापैकी तरी कोण बोलतं? लग्नात भेटतो, वाढदिवसाला भेटतो, कुणाच्या तरी नावापाशी येऊन सगळे क्षणभर थांबतात आणि मग कुणीतरी म्हणतं, चला, पानं घ्या. गल्लीत नऊ घरांत माणसं गेली. नऊ. त्यांची नावं एकत्र कधी कुणी घेतली नाहीत.

गेल्या दिवाळीच्या आधी काकूकडे साफसफाईला गेले होते. तिच्या गुडघ्यांना आता स्टुलावर चढवत नाही. स्वयंपाकघरातल्या फडताळात वरच्या खणात ऑक्सिमीटर सापडला, सेल फुटून हिरवं झालेलं, आणि त्याखाली दुधाची डायरी. २०२१ ची. मागच्या पानांवर काकूच्या अक्षरात पेन्सिलीनं आकडे. स. ६ – ९४. स. १० – ९३. दु. २ – ९३. रात्री जागून लिहिलेले आकडे जरा तिरके गेलेत, एका ठिकाणी ९१ लिहून खोडून ९२ केलंय आणि परत ९१ केलंय. शेवटचा आकडा ८९, त्याच्यापुढे काही नाही.

मी डायरी उलटी केली. पुढून दुधाचा हिशोब होता. जानेवारीपासून रोज एक लिटर, तारखेपुढे नुसता एकचा आकडा, खाली खाली ओळीनं. १८ एप्रिलपर्यंत एक. मग तारखा आहेत, समोर काही नाही. तशाच रेघा, तसंच कोरं. मी बोटानं मोजत गेले, अठरा दिवस.

मग ७ मे, आणि त्याच्यापुढे काकूच्या बारीक अक्षरात, अर्धा.